पोलादपूरचा उघडा प्रिंटर

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. त्याच्या पाटीवर बरीच वर्षं तीन ओळी होत्या. पहिलीत दुकानाचं नाव, दुसरीत झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन कामे. तिसऱ्या ओळीत ई-मेलचा एक पत्ता होता. तो पत्ता दुकानाच्या मालकीणबाईंचा नव्हता, प्रिंटरचा होता. त्यावर कुणीही, कुठूनही काही पाठवलं की दुकानातला प्रिंटर कुणाला न विचारता ते छापून बाहेर टाकत असे.

मी तेव्हा महाडला एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि पोलादपूरही माझ्याकडेच होतं. तिकडे गेलो की त्या दुकानात बसून बातम्या टाइप करायचो. पुढे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं मी समोर पाहिलं. बाकीचं ज्याचं त्याच्याकडून ऐकलं.

मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. नवरा महाडच्या एमआयडीसीत कामाला, दुकान त्या एकट्या बघत. प्रिंटरचा पत्ता पाटीवर रंगवायची कल्पना त्यांचीच, आणि ती चांगली चालली होती. उमरठच्या बाजूच्या डोंगरातल्या वाड्यांमध्ये फोनची रेंज नसते. असली तर रस्त्याच्या एखाद्या वळणावर, तीही वारा असेल तशी. घरची तरणी माणसं मुंबईला असतात. त्यांना आईच्या गोळ्यांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात द्यायचं असे, बाळाचा फोटो पाठवायचा असे. ते प्रिंटरच्या पत्त्यावर पाठवत. कागद निघाला की ताई वर पेनने वाडीचं नाव लिहून खणात ठेवत. बाजाराला आलेलं कुणीतरी किंवा दुपारच्या गाडीचा कंडक्टर तो घेऊन वर जाई.

वाड्यांची मुंबईकर मंडळंही हाच रस्ता वापरू लागली. पूर्वी मंडळाचा निर्णय कुणीतरी गावी जाणारा खिशात घालून आणायचा. आता तो थेट ताईंच्या प्रिंटरमधून यायचा. वर मंडळाचं नाव, खाली चिटणिसाचं नाव. वाडीत गेला की देवळात बैठक बसे आणि कागद मोठ्याने वाचला जाई. गावकीची रीत अशी की मुंबईचा कागद सभेत वाचला म्हणजे तो निर्णय झाला.

प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर अधूनमधून एक सूचना येई. सुरक्षेसाठी नवीन अपडेट आलं आहे, आता करायचं की नंतर. ताई कायम ‘नंतर’वर बोट ठेवत. त्याला कारण होतं. आधीच्या प्रिंटरला त्यांनी असंच अपडेट करू दिलं होतं आणि त्यानंतर त्या मशीनने बाहेरून भरून घेतलेली शाई ओळखायचीच सोडली. कंपनीची शाई महाग, ती परवडेना. शेवटी मशीन मोडीत गेलं. अपडेट म्हणजे कंपनीचा स्वार्थ, हे त्यांच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं होतं.

आगंतुक कागद मात्र निघायचे. कधी परदेशी भाषेतली जाहिरात, कधी नुसती चिन्हांची रांग. एकदा इंग्रजीत चार ओळी आल्या: तुमचा प्रिंटर उघडा आहे, तो बंद करा. त्या मी वाचून दाखवल्या. ताईंनी शटरकडे पाहिलं, प्रिंटरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, दुकान उघडं आहे तर प्रिंटर बंद कशाला करू. तो कागद चार तुकडे होऊन, मागची कोरी बाजू वर करून, हिशेबाच्या चिठ्ठ्यांमध्ये गेला.

शिमगा तीन आठवड्यांवर आला होता. त्या भागात होळीनंतर ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. घरांचा क्रम मानाप्रमाणे ठरलेला असतो आणि तो सगळ्यांना तोंडपाठ असतो. तरी मंडळ तो दरवर्षी छापून पाठवतं, कारण आपल्या घरी पालखी कोणत्या दिवशी येणार ते बघून मुंबईकरांना रजा टाकावी लागते. उमरठच्या पलीकडच्या एका वाडीचा तसा कागद आला, वर गेला, वाचला गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वाडीचा आणखी एक कागद निघाला. वर ‘सुधारित’ असा शब्द. बाकी सगळं तेच, फक्त मधलं एक घर नव्हतं. तळाशी एक ओळ होती: मंडळाच्या निर्णयानुसार या घरी यंदा पालखी जाणार नाही. ताईंनी वाडीचं नाव लिहिलं आणि कागद खणात ठेवला. लोकांचे कागद त्या वाचत नसत.

ज्या घराचं नाव गेलं होतं त्या घरची बाई बाजाराच्या दिवशी दुकानात आली. पन्नाशी ओलांडलेली. ताई तिला काकी म्हणत, कारण तिच्या मुंबईच्या मुलाने पाठवलेले नातवाचे फोटो याच खणातून जात. तिने पिशवी खाली ठेवली आणि गिऱ्हाइकं पांगेपर्यंत थांबली.

“बाय गो, तो कागद तुझ्याच मशीनीतनं निघाला ना?”

ताईंनी कोणता म्हणून विचारलं. काकीने सांगितलं. आवाज चढला नाही. तिच्या नवऱ्याने मागच्या वर्षी वाडीच्या पाण्याचा पाइप आपल्या उतारावरच्या वरकस जमिनीतून न्यायला नकार दिला होता. काजूची कलमं नुकतीच लावली होती, चर खणला असता तर मुळं तुटली असती. वाडीत त्यावरून बोलणी झाली, मुंबईत झाली. त्यामुळे दुसरा कागद वाचला गेला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. ज्याला त्याला वाटलं, हे होणारच होतं.

खरा प्रश्न पाइपचा नव्हता. सून पहिल्या खेपेला अवघडली होती तेव्हा काकीने देवीला नवस बोलला होता: बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली तर पालखी घरात आली की बाळाला तिच्यापुढे घालीन आणि ओटी भरीन. बाळ झालं होतं. मुलगा-सून त्याला घेऊन शिमग्याला येणार होते. नवस देवळात जाऊन फेडता येत नव्हता. तो घरात पालखी येण्याचाच बोलला होता.

मी तिला कायद्याचं सांगितलं. एखाद्या घराला असं बाजूला ठेवणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, तक्रार देता येते, बातमीही होऊ शकते. तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

“पोलीस घेऊन देवी घरात आणायची काय, भाऊ?”

बातमी मी लिहिली नाही.

ताईंनी मुंबईला चिटणिसाला फोन लावला. स्पीकरवर होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं. चिटणीस कुठल्याशा कंपनीत स्टोअरकीपर, बोलायला मऊ. पालखीचा विषय निघताच तो म्हणाला की ते ऐकलंय, वाईट वाटलं, पण तो गावाचा निर्णय आहे, मुंबईने मध्ये पडणं बरं नाही. ताई म्हणाल्या, गावाचा कसा, कागद तर तुमचा आला. पलीकडून उलट प्रश्न आला.

“कुठला कागद?”

“सुधारित. दुसरा.”

“आम्ही एकच पाठवला, ताई.”

तिथे सगळं उलगडलं आणि तिथेच अडकलंही. वाडीला वाटलं होतं मुंबईने ठरवलं. मुंबईला वाटलं होतं वाडीने ठरवलं. दोन्हीकडची माणसं एकमेकांचा मान राखण्यासाठी गप्प होती. मुंबईने विचारलं तर गावाच्या कारभारात नाक खुपसल्यासारखं होईल, गावाने विचारलं तर मुंबईच्या शब्दावर अविश्वास दाखवल्यासारखं. एका फोनने सुटली असती अशी गोष्ट त्या मर्यादेमुळे आठवडाभर तशीच राहिली होती. आणि कागद कुणी पाठवला, हे त्या मशीनला माहीतच नव्हतं.

काकी चिटणिसाचा हा निरोप घेऊन दुपारच्या गाडीने वर गेली. दोन दिवसांनी गावच्या मंडळाचे अध्यक्ष स्वतः खाली आले, बरोबर एक म्हातारे मानकरी. अध्यक्ष साठीचे, रिटायर होऊन गावी परतलेले, सरळ माणूस. वाईट इच्छा त्यांच्या मनात असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांची अडचण रीतीची होती. ते म्हणाले की फोन म्हणजे तोंडचा शब्द, आणि सभेत वाचला तो कागद. चिटणीस आता केस होईल म्हणून मागे सरत नसेल कशावरून? ताई म्हणाल्या, तर मग चिटणिसाला तिसरा कागद पाठवायला सांगते, दुसरा खोटा म्हणून.

“तो कुठनं येणार?” अध्यक्षांनी विचारलं.

ताईंनी प्रिंटरकडे बोट दाखवलं.

“याच मशीनीतनं दुसरा आला. मग तिसरा खरा कशावरनं?”

ताईंनी बोट खाली घेतलं. बरीच वर्षं बातमीदारी करून खोट्या कागदाचे प्रकार पाहिले होते, पण खोट्या कागदाने खऱ्याची किंमत इतक्या साध्या रीतीने संपवलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवसापासून त्या प्रिंटरमधून निघालेल्या कुठल्याच कागदाला अर्थ उरला नव्हता, आईच्या गोळ्यांच्या वेळापत्रकालाही.

ताईंनी महाडहून टेक्निशियनला बोलावून घेतलं. या माणसाला महाडच्या बाजारात सगळे ओळखतात. महाडात आलेल्या मोठ्या पुरानंतर दुकानादुकानांतून चिखल भरलेली मशीनं उचलून त्याने आपल्या अंगणात उन्हात मांडली होती, आणि त्यातली बरीचशी पुन्हा चालू केली होती. त्याने प्रिंटरचा पडदा पाहिला, ‘नंतर’ म्हणून मागे ढकललेल्या अपडेटची सूचना वाचली आणि खुर्ची ओढून बसला. त्याचं सांगणं सोपं होतं. या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक राहून गेलं आहे. पाठवणारा जे नाव लिहील ते मशीन खरं धरतं, तपासत नाही. कंपनीला ते सापडलं आणि त्यांनी ते बुजवलं. ते बुजवणं म्हणजेच हे अपडेट. ते घेतलं की ज्याचं नाव आत नोंदवलंय त्याचाच कागद छापला जाईल. बाकीचे अडकून राहतील.

अध्यक्षांना हे पटलं नाही. मशीन खोटं कसं बोलेल, असं ते म्हणत राहिले. तेव्हा टेक्निशियनने अपडेट करण्याआधी त्यांचाच मोबाइल मागून घेतला. पाटीवरचा पत्ता टाकला, पाठवणाऱ्याच्या जागी चिटणिसाचं नाव टाकलं आणि काहीतरी लिहून पाठवलं. प्रिंटर घुरघुरला. वर मंडळाचं नाव असलेला कागद बाहेर आला. टेक्निशियनने तो अध्यक्षांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, सभेत वाचतात तसं, आणि मध्येच थांबले. कागदावर लिहिलं होतं की मंडळाच्या निर्णयानुसार अध्यक्षांच्या घरी यंदा पालखी जाणार नाही.

म्हातारे मानकरी बाकावर बसून विडी कानामागे खोचत होते.

“बरं झालं की, दादा,” ते म्हणाले. “यंदा नारळ वाचला तुमचा.”

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. नंतर बराच वेळ ते दुकानाबाहेर उभे राहून पाटीवरच्या तिसऱ्या ओळीकडे बघत होते.

अपडेट व्हायला दुपार गेली. ताईंना भीती होती तेच झालं. प्रिंटर परत सुरू झाला आणि भरून घेतलेली शाई त्याने नाकारली. त्यांनी टेक्निशियनकडून कंपनीची शाई घेऊन बसवली. मग मुंबईच्या मंडळाचं नाव आत नोंदवलं, चिटणिसाला फोनवर एक परवलीचा आकडा दिला, आणि तिसरा कागद आला. आधीचा सुधारित कागद आमचा नव्हे, क्रम नेहमीचाच.

अध्यक्षांनी तो घेतला, पण जाता जाता एक अट सांगितली. सभेत वाचलेलं सभेतच पुसावं लागतं, नुसता कागद फिरवून भागत नाही. सभा आता पालखी सहाणेवर, देवळापुढच्या तिच्या चौथऱ्यावर, बसेल तेव्हाच. त्या वेळी चिटणिसाने स्वतः उभं राहून बोलावं. चिटणीस शिमग्याला येणारच होता. तो हो म्हणाला. ताईंनी मला विचारलं की तुम्ही याल का वर. वार्ताहर म्हणून नको, असंच.

पालखी ज्या दिवशी घरं घ्यायला निघणार होती त्या दिवशी चिटणिसाची गाडी हायवेवर अडकली. शिमग्याला मुंबईहून निघालेला माणूस वेळेवर पोचल्याचं या तालुक्यात कुणाला आठवत नाही, पण त्या दिवशी ते जड गेलं. सहाणेवर नारळ फुटला, ढोल वाजले. अध्यक्षांनी थांबवायचा प्रयत्न केला. पालखी खांद्यावर घेणारी पोरं म्हणाली की वेळ टळते, आणि पालखी निघाली. सभा बसलीच नाही.

काकीचं अंगण सारवलेलं होतं. उंबऱ्यावर रांगोळी होती. सून बाळाला घेऊन ओटीवर बसली होती. बाळाच्या डोक्यावर नवी कुंची होती आणि ते तिचे बंद चघळत होतं. काकीचा नवरा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा. ढोल आळीत वळला, जवळ आला, शेजारच्या घरात शिरला, बाहेर निघाला, आणि त्यांच्या अंगणावरून पुढे गेला. खांदेकऱ्यांपैकी कुणी इकडे पाहिलं नाही. काकी दारातून आत गेली नाही. ती तिथेच उभी राहिली, ओटीचं ताट हातात धरून.

चिटणीस दुपार कलल्यावर पोचला. कपडे घामाने ओले, पिशवी हातात. तोवर पालखी आळीच्या वरच्या टोकाला गेली होती. तो रस्त्यातच उभा राहिला आणि जमलेल्या माणसांना म्हणाला की मंडळाने कुणाला वगळलं नाही, तो कागद आमचा नव्हता, माझ्या नावाने कुणीतरी पाठवला. अध्यक्षांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, जो त्यांच्याच मोबाइलवरून निघाला होता, आणि तो वाचून दाखवला. आधी कुणाला कळेना. मग म्हाताऱ्या मानकऱ्यांनी नारळाची गोष्ट सांगितली आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सभा तशीच उभ्याने झाली.

पण आता दुसरी अडचण आली. पालखी मागे फिरत नाही. एकदा ओलांडलेल्या वाटेने ती उलटी नेत नाहीत, हे तिथलं लहान पोरही सांगेल. पोरं पालखी खांद्यावर धरून उभी. “मागं नाय फिरवायची,” एकजण म्हणाला, आणि त्यात अडवणूक नव्हती, त्यालाही वाईट वाटत होतं. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. देवीला नेता येत नाही आणि न्यायला तर हवं, अशा पेचात ती सगळी सापडली होती.

वाट काकीच्या नवऱ्याने काढली. तो खांबापासून निघाला आणि वरच्या अंगाला गेला. आळीच्या वरच्या टोकापासून त्याच्या घराच्या मागच्या दारापर्यंत त्याचीच वरकस जमीन पसरली होती, काजूच्या कलमांची. तिला निवडुंग आणि काट्यांचं कुंपण होतं. त्याने कोयत्याने कुंपणाचा एक भाग तोडला, काटे बाजूला ओढले आणि उघड्या जागेत उभा राहिला. तिथून घराकडे गेलं तर वाट नवी होती. मागे फिरणं नव्हतं.

खांदेकऱ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, “चला.”

पालखी कलमांच्या मधून उतरली. पोरं पाय जपून टाकत होती. काकीचा नवरा पुढे चालत एकेक फांदी हाताने बाजूला धरत होता. घरात मागच्या दाराने देवी आली, आणि त्या वाडीत ती अशी कधी आली नव्हती. सुनेने बाळाला पालखीपुढे जमिनीवर ठेवलं. ते रडलं नाही. ढोलाकडे टक लावून बघत राहिलं. काकीने ओटी भरली. तांदूळ थोडे बाहेर सांडले.

पुढचं मोजकंच आहे. पाण्याचा पाइप त्या जमिनीतून गेला नाही. तो रस्त्याच्या कडेने वळसा घालूनच नेला. दुसरा कागद कुणी पाठवला ते कळलं नाही. वाडीतल्या काहींचा अंदाज होता, तो त्यांनी बोलून दाखवला नाही. मी विचारला नाही. ताईंनी पाटीवरची तिसरी ओळ पांढऱ्या रंगाने पुसून घेतली. रंग पातळ होता. ऊन तिरपं असलं की अक्षरं अजून दिसतात.

शिमगा संपल्यावर मी दुकानात गेलो तेव्हा काकी आली होती. प्रसादाचं खोबरं कागदात बांधून आणलं होतं, ते तिने ताईंना दिलं. मुलगा-सून मुंबईला परत गेली होती. तिने खणाकडे पाहिलं. खणात तिच्या वाडीचं काही नव्हतं.

“फोटो पाठवतो बोललेला पोरगा. आला नाय?”

ताईंनी प्रिंटरच्या पडद्यावर बोट टेकवलं. अडकून राहिलेल्या कागदांची यादी उघडली. परदेशी नावं, नुसते आकडे, आणि मध्ये तिच्या मुलाचं नाव. ओळख नाही, म्हणून छापलेलं नाही. ताईंनी तिला समजावलं की आता दार बंद केलंय, ज्याचं नाव आत आहे त्याचंच येतं. काकीने ऐकून घेतलं. तिला त्यात तक्रार करण्यासारखं काही वाटलं नाही.

“मग घाल की त्याचं नाव आत,” ती म्हणाली आणि बाकावर बसली.

ताईंनी मुलाला फोन लावला, आकडा दिला, नाव नोंदवलं. प्रिंटरने कागद ओढला. कंपनीच्या शाईत बाळाचा चेहरा हळूहळू वरून खाली उतरू लागला, आधी कुंची, मग डोळे.